मुद्देमाल परत मिळवताना

ज्या गुन्ह्याच्या एफआयआरमध्ये माझे नाव कुठेही नाही, त्या गुन्ह्याच्या तपासात माझा लॅपटॉप, माझा फोन आणि माझ्या क्लायंटच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांची टोकने पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत कित्येक महिने पडून होती. मी व्यवसायाने कर सल्लागार आहे आणि विक्रोळीच्या कन्नमवारनगरात आईवडील व धाकट्या भावासह राहते. संशय भावावर होता. त्याचे प्रकरण अजून न्यायालयात असल्यामुळे त्याच्याविषयी आवश्यक तेवढेच लिहिणार आहे. झडतीपासून वस्तू परत हातात पडेपर्यंत सामान्य माणसाला कोणकोणत्या पायऱ्या चढाव्या लागतात, हे मात्र सविस्तर लिहावे असे वाटले, कारण त्या काळात मला हे सांगणारे कोणी भेटले नाही. ज्यांच्याकडे चौकशी करायला जावे, त्या ठाण्यातल्या अर्ध्या लोकांनाही त्याची नीट माहिती नव्हती.

भाऊ दिवसा एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि रात्री निरनिराळ्या संकेतस्थळांमधल्या सुरक्षेच्या त्रुटी शोधतो. परदेशातल्या पुष्कळ कंपन्या अशा त्रुटी कळवणाऱ्यांना रीतसर बक्षीस देतात आणि त्याला बग बाउंटी म्हणतात, हे आमच्या घरात आता आईलाही ठाऊक आहे. २०२५ च्या मे महिन्यात त्याच्या असे लक्षात आले की, एका खासगी कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःचे बिल उघडल्यानंतर पत्त्याच्या ओळीतला शेवटचा आकडा बदलला, की दुसऱ्याच ग्राहकाचे बिल नाव, पत्ता आणि फोन नंबरासह समोर येते. त्याने दोनतीन बिले उघडून खात्री केली, स्क्रीनशॉट घेतले आणि कंपनीला ईमेल केला. अशा त्रुटी कळवण्यासाठी केंद्र सरकारची जी यंत्रणा आहे, त्या सर्ट-इनलाही त्याने कळवले. कंपनीने त्याला उत्तर पाठवले नाही. माहिती चोरल्याची तक्रार मात्र पोलिसांत केली.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. म्हणजे सगळे काही हेतूवर येऊन ठेपते. दार उघडे आहे असे मालकाला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून कळवणाऱ्याचा हेतू काय असावा, हे ठरवायला फार बुद्धी लागत नाही असे मला वाटते. पण सद्हेतूने त्रुटी कळवणाऱ्याला स्पष्ट संरक्षण देणारे कलम या अधिनियमात नाही, आणि हेतूचा निर्णय न्यायालयात व्हायचा असतो. त्याच्या कितीतरी आधी झडती होऊन गेलेली असते.

ती सकाळी सहाच्या आधी झाली. नळाला पाणी आलेले असल्यामुळे आई जागी होती, म्हणून दार लगेच उघडले गेले. आमचे घर म्हणजे वन रूम किचन. त्यात साध्या कपड्यांतले सातआठ जण एकदम आल्यावर घरच्या माणसांना उभे राहायला जागा उरली नाही, आणि सत्तरीचे बाबा बनियनवरच जिन्यात जाऊन थांबले. भाऊ पोटमाळ्यावर झोपला होता. त्याला खाली उतरवताना एकाने त्याचा दंड धरून ठेवला होता. आईने मामाला फोन लावण्यासाठी मोबाइल हातात घेतला, तो तिच्या हातातून काढून घेण्यात आला. त्या पथकात एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी बाबांना आत बोलावून पलंगावर बसवले आणि भरत असलेला नळ स्वतः बंद केला, हे नमूद केलेच पाहिजे. आलेल्या सगळ्यांचा आवाज चढलेला नव्हता. पण एखाद्या मोठ्या टोळीच्या अड्ड्यावर जावे अशा तयारीने ते आले होते आणि समोर पाण्याचे पिंप भरणारी आई होती, यातली विसंगती त्यांच्यापैकी कोणालाच जाणवलेली दिसली नाही.

मुंबईतल्या छोट्या घरात कोणती वस्तू कोणाची हे भिंतींवरून ठरत नाही. आमच्याकडे खिडकीखाली सनमायकाचे एकच टेबल आहे. दिवसा त्यावर माझा लॅपटॉप असतो आणि रात्री भावाचा. उपनिरीक्षकांनी दोन्ही लॅपटॉप उचलायला सांगितले. त्यातला एक माझा आहे, त्यात साठेक लोकांचे हिशेब आहेत आणि विवरणपत्रांचा हंगाम सुरू आहे, असे मी सांगितले, त्यावर ते म्हणाले, “ताई, घर तर एकच आहे ना?” मग त्यांनी कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात क्लायंटची डिजिटल स्वाक्षरीची टोकने होती, प्रत्येकाला रबर लावून नावाची चिठ्ठी गुंडाळलेली. एवढे पेन ड्राइव्ह कशाला लागतात, असे त्यांनी विचारले. हे पेन ड्राइव्ह नाहीत, यात फाइल साठवत नाहीत, ही कंपनीच्या संचालकांची सही आहे, असे मी परोपरीने सांगितले. त्यांनी एक टोकन उजेडात धरून पाहिले आणि डबा तसाच पुढे सरकवला. पंचनाम्यात त्याची नोंद “विविध रंगांचे पेन ड्राइव्ह, नग ११” अशी झाली. वायफायचा राउटर, आईचा जुना बंद पडलेला फोन, माझा चालू फोन आणि भावाच्या अभियांत्रिकीच्या वह्यासुद्धा गेल्या. प्रिंटर न्यावा की नाही यावर त्यांच्यात थोडी चर्चा झाली आणि तो जड असल्यामुळे वाचला.

या सगळ्याला काय नियम आहेत हे मला पुढे आमच्या वकीलबाईंकडून कळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ नुसार वॉरंटशिवाय झडती घेता येते. मात्र तशी तातडी का आहे आणि कोणती वस्तू शोधायची आहे, हे अधिकाऱ्याने आधी लेखी नोंदवावे लागते आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. कलम १०३ नुसार त्याच परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून घ्यायचे असतात. परिसरात तसे कोणी मिळाले नाही किंवा तयार झाले नाही, तरच बाहेरचे. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचे असते आणि जप्त वस्तूंच्या यादीची सहीनिशी प्रत त्याला द्यायची असते. कलम १०५ नुसार झडती आणि जप्ती या पूर्ण प्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रण करायचे असते. शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास, त्याच्या कलम ७८ प्रमाणे, निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो.

आमच्याकडे पंच म्हणून दोन तरुण पोलिसांबरोबरच गाडीतून आले होते आणि ते कन्नमवारनगरातले नव्हते. समोरच्या बिऱ्हाडातले काका दारात येऊन उभे राहिले होते, त्यांना आत जाऊन दार लावून घ्यायला सांगण्यात आले. चित्रण झाले, पण ते दार उघडताना आणि पाकिटांना लाख लावताना. मधला वेळ, म्हणजे नेमका डब्यावरून वाद चालला होता तो, चित्रित झाला नाही. यादीची प्रत तिथे मिळाली नाही. “ठाण्यावर या, देतो,” असे सांगितले गेले आणि ती वकीलबाईंनी लेखी मागणी केल्यानंतरच हाती आली. यातली एकही गोष्ट मारहाणीसारखी दिसणारी नाही. म्हणूनच बहुधा नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना ती तक्रार करण्याजोगीही वाटली नाही.

संगणकाच्या जप्तीत सर्वांत महत्त्वाची असते ती हॅश व्हॅल्यू, आणि तीच पंचनाम्यात नव्हती. डिस्कवरच्या संपूर्ण माहितीवर ठरावीक गणिती प्रक्रिया करून अंकाक्षरांची एक ओळ काढतात. त्या माहितीत पुढे एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी नव्याने काढलेली ओळ जुनीशी जुळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यातच हॅश व्हॅल्यूसाठी रकाना आहे. जप्तीच्या दिवशीच ती काढून पंचनाम्यात लिहिली असती, तर नंतर डिस्कमध्ये काही घातले किंवा काढले गेले नाही याची खात्री पोलिसांना आणि आम्हाला, दोघांनाही पटली असती. ती नसल्यामुळे आरोपीने जे मान्य करायचे ते केवळ लाखेच्या शिक्क्यावरच्या विश्वासाने.

पासवर्डचे तर काय सांगावे! भावाने त्याचा सांगितला. माझ्याकडेही मागितला आणि पहाटेच्या त्या गोंधळात, आई रडत असताना, नाही म्हणण्याचा पर्याय आहे असे सांगणारे तिथे कोणी नव्हते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पासवर्ड सांगणे ही अशी साक्ष आहे का, याविषयी न्यायालयांची मते एक नाहीत: कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ती तशी नसल्याचे म्हणत झडतीसाठी काही मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, तर दिल्लीच्या एका विशेष न्यायालयाने २०२२ साली आरोपीवर अशी सक्ती करता येणार नाही असे ठरवले. मी तर आरोपीही नव्हते. आमचे दोघांचे पासवर्ड पंचनाम्यातच, चवथ्या पानावर, शाईने स्वच्छ अक्षरात लिहिले गेले आणि तो पंचनामा ठाण्यात, न्यायालयात, प्रयोगशाळेत आणि पंचांसमोर फिरला. माहितीच्या चोरीचा तपास करणाऱ्यांनी साठ लोकांच्या हिशेबांची किल्ली कागदावर लिहून ठेवावी, यावर काय बोलायचे?

भावाला त्या दिवशी ठाण्यावर नेले आणि संध्याकाळी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन सोडले. बोलावू तेव्हा हजर व्हावे, असा त्या नोटिशीचा अर्थ. तीन वर्षांच्या शिक्षेचा हा गुन्हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७७ब नुसार जामीनपात्र असल्यामुळे अटकेची भीती तेवढी नव्हती. खरी शिक्षा सुरू झाली ती दुसऱ्या दिवसापासून, आणि ती भावापेक्षा मला अधिक झाली असे म्हटले तर तोही नाकारणार नाही. प्रत्येक क्लायंटला फोन करून, तुमची टोकने पोलिसांकडे आहेत, ती रद्द करून नवी घ्या, असे सांगावे लागले. त्यासाठीही आधी नंबर शोधावे लागले, कारण ते माझ्या फोनमध्ये होते. काहींनी समजून घेतले. काहींनी कागदपत्रे परत मागितली आणि दुसरीकडे गेले. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप जुन्या हार्ड डिस्कवर होता आणि ती डिस्कही यादीत होती. इमारतीत तर “पोराने बँका लुटल्या” इथपर्यंत गोष्ट पोहोचली होती.

त्या दिवसांत भावाने मला अमेरिकेतली एक हकीकत सांगितली. १ मार्च १९९० रोजी टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीवर छापा घातला. कंपनी घरगुती खेळांची पुस्तके छापणारी. संशय होता तो तिथल्या एका कर्मचाऱ्यावर, पण उचलले गेले कंपनीचे संगणक आणि छपाईला निघालेल्या एका खेळाच्या पुस्तकाचे हस्तलिखित. कंपनीवर कधीही आरोप ठेवला गेला नाही. मात्र तिला जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करावे लागले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ऑपरेशन सनडेव्हिल नावाने अनेक शहरांत छापे पडले आणि चाळीसेक संगणक व २३,००० च्या आसपास फ्लॉपी जप्त झाल्या. त्या मानाने अटका अगदी थोड्या. या छाप्यांच्या अस्वस्थतेतून त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था उभी राहिली आणि तिच्या पाठबळावर कंपनीने सरकारवर दावा लावला. १९९३ साली न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी कंपनीच्या बाजूने निकाल देऊन ५०,००० डॉलरहून अधिक नुकसानभरपाई मंजूर केली. तो निकाल शक्य झाला, कारण प्रकाशनाच्या तयारीत असलेल्या मजकुराला संरक्षण देणारा १९८० चा एक कायदा तिथे आधीपासून होता. संशयिताच्या शेजारी बसून काम करणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न तिथल्या न्यायालयाने तीस वर्षांपूर्वी ऐकून घेतला होता. मला तो दंडाधिकाऱ्यांसमोर मांडायचा होता.

आता अर्जाविषयी. पोलिसांनी जप्तीचा अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ प्रमाणे विनाविलंब दंडाधिकाऱ्यांना द्यायचा असतो. तो दिला आहे का हे आधी न्यायालयाच्या कार्यालयात पाहून घ्यावे. त्यानंतर वस्तू परत मिळण्यासाठी कलम ५०३ खाली अर्ज करता येतो आणि हा अर्ज आरोपीनेच करायचा असतो असे नाही. वस्तू ज्याची आहे तो करू शकतो. वकीलबाईंनी भावाचा आणि माझा अर्ज मुद्दाम वेगळा ठेवला, हा त्यांचा शहाणपणा. मी लॅपटॉपचे बिल, व्यवसायकराचे प्रमाणपत्र आणि टोकन देणाऱ्या संस्थेच्या पावत्या जोडल्या. प्रत्येक क्लायंटकडून, हे टोकन आमचे असून आम्हीच ते यांच्याकडे दिले होते, असे पत्र घेतले. ज्यांच्याकडे बिले नसतील त्यांनी निदान खोक्यावरचा सीरियल नंबर शोधून ठेवावा, कारण पंचनाम्यातला लॅपटॉप तुमचाच आहे हे दाखवण्याची दुसरी सोपी खूण नसते.

अर्ज दाखल झाल्यावर न्यायालय पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, मागवते. सर्वांत जास्त वेळ खाणारी पायरी हीच. कधी तपासी अंमलदार बंदोबस्तावर, कधी कागद सरकारी वकिलांकडे पोहोचलेले नाहीत, कधी पुढची तारीख. अखेर ‘से’ आला तेव्हा त्यात दोनच ओळींचा विरोध होता: प्रयोगशाळेचा अहवाल प्रलंबित आहे आणि वस्तू परत दिल्यास पुराव्यात फेरफार होण्याची शक्यता आहे.

वकीलबाईंचा युक्तिवाद साधा होता. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगून ठेवले आहे की, जप्त वस्तू गरजेपेक्षा अधिक काळ पोलीस ठाण्यात ठेवू नयेत. सविस्तर पंचनामा करावा, छायाचित्रे घ्यावीत, बंधपत्र घ्यावे आणि वस्तू सोपवाव्यात. तिथे प्रश्न दागिने, रोकड आणि ठाण्याच्या आवारात गंजणाऱ्या गाड्यांचा होता. गाडीची प्रत काढता येत नाही, डिस्कची येते. राइट ब्लॉकर लावून, म्हणजे मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिले जाणार नाही अशा रीतीने, तिची हुबेहूब प्रत घेता येते. दोन्हींची हॅश व्हॅल्यू जुळली की तपासासाठी ती प्रत पुरते आणि माझ्या लॅपटॉपच्या आकाराच्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतात. मग यंत्र महिनोन्‌महिने अडकवून ठेवण्याचे कारण काय? पोलिसांनी संशयिताची डिस्क तपासूच नये असे माझे म्हणणे कधीच नव्हते आणि आजही नाही. डिस्क तपासायला यंत्र कैदेत ठेवावे लागत नाही, एवढेच म्हणणे आहे.

वकीलबाईंनी आणखी एक संदर्भ दिला. पत्रकारांची उपकरणे जप्त करण्याविषयी फाउंडेशन फॉर मीडिया प्रोफेशनल्स या संस्थेने केलेल्या याचिकेवर सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, तपास यंत्रणांना असा सर्वंकष अधिकार असणे धोकादायक असल्याचे म्हटले होते आणि केंद्राला मार्गदर्शक तत्त्वे आणायला सांगितले होते. डिसेंबरमध्ये केंद्राने, तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या नियमपुस्तिकेप्रमाणे वागतील, असे आश्वासन दिले. दंडाधिकाऱ्यांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि तुमच्या प्रकरणातले पोलीस केंद्रीय यंत्रणेत मोडत नाहीत, असे तितक्याच शांतपणे सांगितले. ते खरेच होते.

तरीही माझा अर्ज मंजूर झाला. प्रत काढून झाल्यावर लॅपटॉप, फोन आणि टोकने बंधपत्रावर परत द्यावीत, मी ती विकू नयेत आणि बोलावल्यास हजर करावीत, अशा अटी होत्या. भावाचा अर्ज फेटाळला गेला. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ठाण्यात गेल्यावर मुद्देमाल कारकून रजेवर असल्याचे कळले. खोलीची चावी त्यांच्याकडेच होती. पुढे वस्तू मिळाल्या, तेव्हा लॅपटॉपच्या बिजागरीत लाख शिरून कडक झाली होती आणि झाकणावर सेलोटेपने चिकटवलेल्या चिठ्ठीवर माझा पासवर्ड लिहिलेला होता. डबा मिळाला, पण त्यातल्या चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या, त्यामुळे कोणते टोकन कोणाचे हे एकेक लावून पाहावे लागले; तोवर ती सगळी रद्द झालेली असल्यामुळे त्याचाही तसा उपयोग नव्हता. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे वस्तू ताब्यात घेतल्याच्या कागदावर, सही करण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची अवस्था त्यावर लिहून घ्यावी, असे वकीलबाईंनी बजावले होते. कारकून नाखूश होते, पण त्यांनी लिहू दिले.

राहिला प्रश्न त्या प्रतीचा. लॅपटॉप माझ्या टेबलावर परत आला असला, तरी त्याची संपूर्ण प्रत, साठ लोकांची उत्पन्ने, खातेक्रमांक आणि माझी वैयक्तिक छायाचित्रे यांसह, तपास यंत्रणेकडे आहे. खटला संपल्यावर जप्त मालमत्तेचे काय करायचे याविषयी संहितेत तरतूद आहे. पण आरोपी नसलेल्या व्यक्तीच्या डिस्कच्या प्रतीचे काय करायचे, याविषयीची थेट तरतूद वकीलबाईंना सापडली नाही. त्यामुळे आम्ही दुसरा अर्ज केला आहे. प्रतीची हॅश व्हॅल्यू आम्हाला लेखी द्यावी, ती कोणी कोणी उघडली याची नोंद ठेवावी आणि गुन्ह्याशी संबंध नसलेली माहिती दंडाधिकाऱ्यांसमक्ष नष्ट करावी, अशा तीन मागण्या त्यात आहेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, त्या पुट्टस्वामी निकालाचा आधार अर्जाला आहे. पोलिसांचा ‘से’ अद्याप आलेला नाही.